मानाचा नारळ आणि बरोबरीचा नियम

कुरणेवाडी नावाच्या एका गावात एक भोळा नेमबाज होता. त्याचं नाव सोपान. लहानपणापासून जोंधळ्याच्या रानात माळ्यावर उभं राहून त्यानं गोफणीनं पाखरं राखली. त्यामुळे त्याचा नेम असा, की तुम्ही म्हणाल त्या पानावर दगड. मात्र तुम्ही काय म्हणालात ते तुमच्या नीट लक्षात असायला हवं. कारण जे म्हणालात तेच तो करायचा. कमी नाही आणि जास्तही नाही. एकदा आई म्हणाली, "सोपाना, म्हशीकडं लक्ष ठेव." म्हैस दावं तोडून शेजारच्या मक्यात गेली. मक्यातून ओढ्यात गेली. ओढ्यातून थेट शिरसवाडीत गेली. सोपाननं शेवटपर्यंत लक्ष ठेवलं.

ही शिरसवाडी म्हणजे ओढ्यापलीकडचं गाव. कुरणेवाडी आणि शिरसवाडी मिळून भैरोबाची जत्रा भरवतात, आणि जत्रेत पहिला नारळ कुणी फोडायचा यावरून वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पूर्वी त्याचा निकाल रस्सीखेच खेळून लागायचा. एका वर्षी रस्सी तुटली आणि दोन्ही गावं एकदमच पडली. मग कुस्त्या आल्या. मग तालमीतली पोरं पुण्याला कामाला गेली आणि उरलेल्यांच्या हातात मोबाइल आले. तेव्हापासून मानाच्या नारळाचा निकाल मोबाइलवरच्या एका बंदुकांच्या गेमवर लागतो. दोन्हीकडे पाच-पाच गडी. दहा डाव. एका बाजूनं बॉम्ब लावायचा, दुसरीनं तो काढायचा, आणि मध्ये जो सापडेल त्याला गोळी. पाच डाव झाले की बाजू बदलायच्या.

शिरसवाडीनं सलग तीन वर्षं नारळ फोडला होता. जत्रेची रीत अशी, की सलग चार वर्षं ज्यानं फोडला, त्याचा तो मान कायमचा. म्हणजे यंदा हरलं, तर कुरणेवाडीच्या नातवंडा-पतवंडांनी देवळाबाहेर नुसतं हात जोडून उभं राहायचं. 

आता दहा डाव म्हटले की पाच-पाचची बरोबरी आलीच. अकरा डाव ठेवावेत, हे जत्रा कमिटीत कुणाला सुचलं नव्हतं. एका मास्तरांना सुचलं होतं, पण त्यांची बदली झाली. त्यामुळे बरोबरी झाली की कुणाला विजयी धरायचं, याचा वेगळा नियम होता. तो नियम दर वेळी बदलायचा. आणि तो बरोबरी झाल्यावरच माइकवरून सांगायचा. आधी सांगितला तर भांडणं आधी होतात, असं कमिटीचे सचिव मोहिते आबा म्हणत. आबा दूध डेअरीचे चेअरमनही होते. त्यांची सासुरवाडी शिरसवाडी होती, पण त्याचा इथे काही संबंध नाही, हेही आबाच सांगत.

नियम कोणता येणार, हे ओळखायला कुरणेवाडीनं एक जाणकार ठेवला होता. बापू शेलार. बापूंनी वीस वर्षांपूर्वी एका कबड्डीच्या सामन्यात शिट्टी फुंकली होती. ती शिट्टी अजून त्यांच्या गळ्यात होती. गेम त्यांनी कधी खेळला नव्हता. त्यांच्या मोबाइलला बटणं होती. पण सलूनच्या बाकावर बसून ते नियमाचं भाकीत करत, आणि शेवटी "लिहून ठेवा" म्हणत. सगळे लिहून ठेवत.

कुरणेवाडीच्या संघाचा कप्तान होता दिग्विजय. त्याच्यासकट चारच गडी होते, पाचवा पुण्याला कंपनीत लागला होता. म्हणून त्यानं सोपानच्या हातात मोबाइल दिला. सोपाननं पहिल्याच दिवशी स्क्रीनवरच्या झाडावरची चिमणी उडवली. दिग्विजय म्हणाला, "नारळ आपलाच."

सामना जत्रेआधीच्या एका रविवारी असायचा. त्या रविवारच्या आधी बापूंनी डोळे मिटून भाकीत केलं. "यंदा मुडदे मोजणार. ज्यानं जास्त माणसं मारली, तो जिंकला. लिहून ठेवा."

दिग्विजयनं सोपानला बाजूला घेतलं. "सोपाना, ध्यानात ठेव. दिसंल त्याला मार. इचार करत बसू नगंस."

सोपाननं मान डोलावली आणि टॉवेलाला एक गाठ मारली.

शनिवारी संध्याकाळी तो डेअरीवर दूध घालायला गेला. मोहिते आबा खुर्ची टाकून बसलेच होते. म्हणाले, "काय रं सोपाना, उद्याची तयारी काय?" सोपान म्हणाला, "दिसंल त्याला मारायचंय." आबा म्हणाले, "शाबास."

रविवारी सामना सुरू झाला. डावाच्या सुरुवातीला आपले पाचही गडी एकत्र उभे असतात. त्यामुळे सोपानला सगळ्यात आधी दिसला तो दिग्विजय. त्यानं दिग्विजयला मारलं. मग संघातला रमजान दिसला. मग बाकीचे दोघं. पुढच्या डावापासून कुरणेवाडीचे गडी डाव सुरू झाला की जीव मुठीत धरून शत्रूच्या दिशेनं पळत सुटले. शिरसवाडीला वाटलं, हा काहीतरी नवीन डावपेच असणार. त्या गोंधळात पाच डाव इकडे पडले, पाच तिकडे.

"अरं, मला का मारलंस?" दिग्विजय ओरडला.

"दिसलास," सोपान म्हणाला.

मोहिते आबांनी माइक हातात घेतला. "बरोबरी झालेली आहे. नियम ऐका. मारलेली माणसं मोजायची. आपलीच माणसं मारली असतील, तर दुप्पट वजा."

बेरीज झाली. कुरणेवाडी उणे एकवीस. त्या जत्रेच्या इतिहासात शून्याच्या खाली गेलेलं हे पहिलंच गाव.

कुरणेवाडीनं हरकत घेतली. हरकत घेणाऱ्या गावानं कमिटीला चहा आणि कांदाभजी द्यायची पद्धत होती, त्यामुळे हरकती विचारपूर्वक मान्य होत. निकाल रद्द झाला. सामना पुढच्या रविवारी, नियम नवा.

सलूनमध्ये बापू म्हणाले, "मी मुडदे म्हटलं होतं का नाही? मुडदेच निघाले. उणे-अधिक हा हिशेबाचा भाग झाला." लोकांनी माना हलवल्या. मग बापूंनी शिट्टी पुसली. "आता एवढी माणसं मेल्यावर कमिटीला दया येणार. ज्याची जास्त माणसं जिवंत राहिली, तो जिंकला. लिहून ठेवा."

दिग्विजयनं सोपानला बाजूला घेतलं. "सोपाना, आता गोळीच घालू नगंस. नुसता लपून बस. काय वाट्टंल ते हुंदे, पर तू मरायचं नाही."

सोपाननं मान डोलावली आणि टॉवेलाला दुसरी गाठ मारली.

शनिवारी डेअरीवर आबांनी विचारलं, "काय तयारी?" सोपान म्हणाला, "लपून बसायचंय. मरायचं नाही." आबा म्हणाले, "तब्येतीला चांगलं असतं ते."

रविवारी सोपान एका पिंपामागे जाऊन बसला. बाकीच्या चौघांनी जिवाचं रान केलं. नवव्या डावाअखेर कुरणेवाडी पाच, शिरसवाडी चार. शेवटच्या डावात शिरसवाडीनं बॉम्ब लावला. मग गोळीबारात दोन्हीकडचे सगळे पडले. उरला एकटा सोपान. बॉम्ब त्याच्यापासून सहा पावलांवर टिकटिक करत होता. मारायला कुणी उरलं नव्हतं. जायचं, बटण दाबायचं, नारळ घ्यायचा, एवढंच काम.

"सोपाना, बॉम्ब काढ!" अख्खी कुरणेवाडी ओरडली.

सोपाननं टॉवेल चाचपला. गाठीत बॉम्बाचं काही नव्हतं. गाठीत मरायचं नाही एवढंच होतं, आणि बॉम्बाजवळ जाणं तब्येतीला धोक्याचं दिसत होतं. तो पिंपामागे आणखी आत सरकला. बॉम्ब उडाला. पाच-पाच.

मोहिते आबांनी माइक घेतला. "नियम ऐका. ज्यानं जास्त वेळा बॉम्ब काढला, ते गाव विजयी. बॉम्ब काढणं हे शौर्याचं काम आहे."

शिरसवाडीनं दोनदा काढला होता. कुरणेवाडीनं एकदाही नाही.

दिग्विजय मांडवात मटकन खाली बसला. सोपान त्याच्याजवळ आला. चेहरा प्रसन्न. "दादा, म्या हाय जित्ता."

"दिसतंय," दिग्विजय म्हणाला.

पुन्हा हरकत, पुन्हा भजी. निकाल रद्द. बापू म्हणाले, "दया येणार म्हटलं होतं. आली, पण जरा उशिरा." मग त्यांनी घसा साफ केला. "आता हाच नियम राहणार. कमिटीला नवा नियम काढायचा कंटाळा आलाय. बॉम्बाचाच नियम. लिहून ठेवा."

दिग्विजयनं सोपानचे दोन्ही खांदे धरले. "सोपाना, नीट आईक. बॉम्ब दिसला रं दिसला की पळत जायचं आन् काढायचा. मागं बघायचं नाही, म्होरं बघायचं नाही."

सोपाननं मान डोलावली आणि टॉवेलाला तिसरी गाठ मारली.

शनिवारी आबांनी विचारलं. सोपाननं सांगितलं. आबांनी त्याला एक पेढा दिला.

तिसऱ्या रविवारी पहिले पाच डाव शिरसवाडी बॉम्ब लावत होती. सोपान वाऱ्यासारखा जायचा आणि काढायचा. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचच्या पाच. कुरणेवाडीनं ढोल आणला. बायकांनी पदर खोचले. एका म्हाताऱ्यानं देवळात जाऊन नारळ वाजवून बघितला.

मग बाजू बदलल्या. आता बॉम्ब लावायचं काम कुरणेवाडीचं. उरलेल्या पाचांतला एक डाव जिंकला की झालं. रमजाननं गोळ्या चुकवत, सरपटत जाऊन बॉम्ब लावला आणि मोठ्यानं म्हणाला, "लागला रे!"

सोपानला बॉम्ब दिसला.

तो पळत गेला आणि त्यानं तो काढला. या गेममध्ये आपलाच बॉम्ब आपल्याला काढता येतो, हे तोवर दोन्ही गावांत कुणाला माहीत नव्हतं, कारण तसं कुणी कधी केलंच नव्हतं. रमजान स्क्रीनकडे बघत राहिला. पुढच्या डावात त्यानं दुसरीकडे लावला. सोपाननं तिथूनही काढला. तिसऱ्या वेळी रमजाननं बॉम्ब सोपानपासून लपवून लावला, आणि त्या नादात शिरसवाडीकडून मेला. तरी सोपाननं तो शोधून काढलाच. पाच डाव, पाच बॉम्ब. ढोलवाला मधेच थांबला.

पाच-पाच. माइकवर आबा म्हणाले, "नियम ऐका. ज्यानं कमी वेळा बॉम्ब काढला, ते गाव विजयी. बॉम्ब काढणं हे भित्रेपणाचं लक्षण आहे."

"मागच्या रविवारी तर शौर्य होतं!" दिग्विजय ओरडला.

"मागचा रविवार मागं गेला," आबा म्हणाले. शिरसवाडी शून्य. कुरणेवाडी दहा.

शिरसवाडीच्या पोरांनी आनंदानं मांडवाच्या तोंडाशी सुतळी बॉम्ब पेटवला. सोपानला तो दिसला. तो पळत गेला आणि त्यानं वात उपटली. तिथे उभ्या असलेल्या बायका-पोरांचे कान वाचले. त्या तीन रविवारांत त्यानं बरोबर केलेली ही एकच गोष्ट, आणि तिचे गुण कुणी धरले नाहीत.

तिसरी हरकत मान्य झाली, पण कमिटीचे अध्यक्ष केरबा नाना आता वैतागले. नाना तिसऱ्याच गावचे, धोंडेवाडीचे, आणि सरळ माणूस. ते म्हणाले, "आता थेट जत्रंच्या दिवशी सामना. त्यो शेवटचा. हरकत नाही आन् भजीबी नाही. माझं पोट बिघडलंय."

दिग्विजयनं सोपानला ओढ्याकाठी नेऊन बसवलं. "सोपाना, हितनं फुडं इचारल्याबिगर काही करायचं नाही. आधी इचारायचं, मग करायचं."

चौथी गाठ बसली.  पण दिग्विजयच्या मनात एक गोष्ट डाचत होती. "आपण जी तयारी करतो, बरोबर त्याच्या उलटा नियम निघतो. त्यांना कळतंय कसं?"

"मोहिते आबांना व्हय?" सोपान म्हणाला. "म्या सांगतो की."

"तू?"

"ते इचारत्यात."

"आन् तू सांगतोस?"

"इचारल्यावर काय गप बसू? पेढाबी दिला त्यांनी."

दिग्विजयनं आधी कपाळावर हात मारून घेतला. मग तो हसला. मग सोपानला घेऊन घरी आला आणि दार लावून घेतलं. जत्रेला चार दिवस होते. त्या चार दिवसांत त्यानं सोपानला खोटं बोलायला शिकवलं.

ते सोपं काम नव्हतं. सोपान आयुष्यात कधी खोटं बोललाच नव्हता. अवघ्या पंचक्रोशीला हे ठाऊक होतं. कुणाची कोंबडी कुणी चोरली याचा वाद पेटला, की लोक सोपानला विचारून घरी जात.

"कमिटीच्या मान्सानं कायबी इचारलं, की उलटं सांगायचं," दिग्विजय म्हणाला. "समज मी कमिटी. तुझं नाव काय?"

"सोपान."

"उलटं!"

"मंग... दिग्विजय?"

"चालंल. तुझं गाव कंचं?"

सोपानला घाम फुटला. ओठ थरथरले. "शिर... शिरसवाडी."

पहिल्या दिवशी तो हे बोलला आणि रडला. दुसऱ्या दिवशी नुसता खाकरला. तिसऱ्या दिवशी न अडखळता बोलला. चौथ्या दिवशी दिग्विजयनं शेवटची गोष्ट शिकवली. "ते इचारत्याल, नक्की का? तवा डगमगायचं नाही. तेच सांगायचं, दुप्पट आवाजात."

सोपाननं मान डोलावली आणि टॉवेलाला पाचवी गाठ मारली. ती सगळ्यात मोठी होती.

इकडे बापूंनी भाकीत केलं होतं, की आता एकास एक लढत येणार. दोन्हीकडून एकेक गडी, आणि जो आधी मारेल त्याचं गाव विजयी. कुरणेवाडीला हेच हवं होतं. एकास एकमध्ये सोपानसमोर कुणाचा टिकाव लागणार?

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी आबांनी डेअरीवर विचारलं, "काय रं सोपाना, काय तयारी?"

सोपाननं गाठ चाचपली. "कसलीच नाही आबा. निस्तं एकास एक निघू नये म्हंजे झालं. मला एकट्याला लई भ्या वाटतं."

"नक्की का?"

"लई भ्या वाटतं!" सोपान ओरडला. म्हशी बिथरल्या. आबांनी त्याला दोन पेढे दिले.

जत्रेचा दिवस उजाडला. देवळासमोर मोठा मांडव, त्यात भिंतीएवढा पडदा, आणि ताटात हळद लावलेला मानाचा नारळ. दोन्ही गावं एकमेकांच्या अंगावर रेलून बसली. सामना सुरू झाला. सोपान प्रत्येक गोळीआधी विचारत होता, "मारू का?" दिग्विजय म्हणत होता, "मार!" आणि एकही गोळी वाया जात नव्हती. फक्त विचारण्यात वेळ जायचा. त्यामुळे जेवढे डाव जिंकले तेवढेच हरले. पाच-पाच.

मोहिते आबांनी हसत हसत माइक घेतला. "नियम ऐका. एकास एक लढत. आणि कुरणेवाडीकडून सोपाननं यावं."

कुरणेवाडीनं असा जल्लोष केला, की आबांचं हसू तिथंच वाळलं. बापूंनी वीस वर्षांनी शिट्टी फुंकली. "लिहून ठेवलं होतं का नाही?"

सोपान आणि शिरसवाडीचा संग्राम मंचावर समोरासमोर बसले. संग्राम म्हणजे तीन वर्षं नारळ जिंकून देणारा गडी. दोघंही गेममध्ये एका पडक्या भिंतीच्या दोन टोकांना होते. संग्रामनं डोकं बाहेर काढलं. सोपानचा नेम त्याच्या कपाळावर बसला. आणि सोपान थांबला. कारण विचारायचं होतं, आणि दिग्विजय लांब मांडवात होता. जवळ एकटा संग्रामच होता.

"मारू का?" सोपाननं त्याला विचारलं.

संग्रामनं दचकून मान वर केली. "आं?"

"मारू का म्हन्तो."

"मार!" मांडवातून अख्खी कुरणेवाडी किंचाळली.

सोपाननं मारलं. संग्राम पडला. पडता पडता त्याचंही बोट बटणावर दाबलं गेलं. पण मांडवातला पडदा गोळी सुटायच्या आधीच गोठला होता. जत्रेतली दोन हजार माणसं एकाच वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवत होती. रेंज गेली. गेम आपोआप बंद झाला, आणि परत सुरू केला तेव्हा त्यात लढतीची नोंदच नव्हती. खरं काय झालं ते आपापल्या मोबाइलवर दोघांनीच बघितलं होतं. संग्रामनं आणि सोपाननं.

"म्या आधी मारलं," संग्राम म्हणाला.

दोन्ही गावं उठली. बाह्या वर गेल्या. कुणीतरी मांडवाचा वासा उपटायला घेतला. तेव्हा केरबा नानांनी माइक ओढून घेतला. "खाली बसा! नारळ दिवस मावळायच्या आत फुटला पायजे. आता नियम म्या सांगतो. सोपानला इचारायचं. त्यो पोरगा जन्मात खोटं बोलला नाही. त्यो सांगंल तो निकाल, कायमचा. हाय कुणाला नामंजूर?"

शिरसवाडीची मान खाली गेली. कोंबड्यांच्या वादांत त्यांनीही सोपानचाच शब्द मानला होता. संग्राम नखं खाऊ लागला. मोहिते आबांनी तोंड उघडलं. सोपान आता खोटं बोलतो, काल संध्याकाळीच बोलला, हे त्यांना सांगायचं होतं. पण कधी, कुठे आणि कशाबद्दल, हेही मग सांगावं लागलं असतं. त्यांनी तोंड मिटलं.

कुरणेवाडीच्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हा नियम बापूंनाही सुचला नव्हता. म्हाताऱ्या माणसांनी पागोटी सारखी केली आणि नारळ फोडायला कुणी जायचं यावर आपसात हळू आवाजात भांडू लागली.

सोपान मंचाच्या कडेला आला. त्यानं हळूच टॉवेल चाचपला. एक गाठ सोडली. दुसरी सोडली. सगळ्यात मोठ्या गाठीवर त्याचा हात थांबला, आणि त्यानं दिग्विजयकडे बघून डोळा मारला.

दिग्विजयला पाचवी गाठ आठवली. "सोपाना!" तो उठून ओरडला. "सोपाना, खरं—"

"मधी बोलायचं नाही!" नाना गरजले. दोघांनी दिग्विजयला धरून खाली बसवलं. ते दोघंही कुरणेवाडीचेच होते.

"बोल सोपाना," नाना मायेनं म्हणाले. "आधी कुणी मारलं?"

"संग्रामनं," सोपान म्हणाला. अडखळला नाही. घाम नाही, थरथर नाही.

"मंग नारळ कुणाचा?"

"शिरसवाडीचा."

 संग्रामच्या तोंडातलं नख तोंडातच राहिलं. नानांनाही नवल वाटलं. ते वाकले आणि म्हणाले, "बाळा, नक्की का?"

सोपाननं छाती भरून श्वास घेतला आणि माइक तोंडाशी धरला.

"शिरसवाडीचा!"

ओढ्यापलीकडच्या रानातही ते ऐकू गेलं. ढोल वाजले. संग्रामनं नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा मोहिते आबांनी खाल्ला, आणि मान कायमचा शिरसवाडीचा झाला.

सोपान गर्दीतून वाट काढत दिग्विजयजवळ आला. त्याचा चेहरा असा फुललेला होता, की कुरणेवाडीत त्या दिवशी तेवढाच एक फुललेला चेहरा होता. त्यानं दिग्विजयच्या कानाशी तोंड नेलं.

"दादा," तो कुजबुजला, "नानांनी दोनदा इचारलं. दोन्ही बारीला फसवलं त्यास्नी."